घाऊक तिकिटांचा हिशेब

चि. मंदार यास,


ऑफिसातले तुम्ही दहा जण मिळून दिवाळीच्या सोडतीची पन्नास हजारांची तिकिटं घेणार, असं ताईकडून कळलं. एक तिकीट म्हणजे नशीब, पाचशे म्हणजे गुंतवणूक, असं तू तिला सांगितलंस. म्हणून लिहायला बसले.

पाचशे तिकिटांनी संधी पाचशेपट होते, तसा खर्चही होतो. हाच विचार शेवटपर्यंत ने. समज, सोडतीचं प्रत्येक तिकीट तुम्हीच घेतलंत. सगळी बक्षिसं तुमची, तरीही तोटा ठरलेला. कारण 100 रुपयांतले सुमारे साडेअठ्ठावीस जीएसटीत जातात; मग विक्रेत्याचं कमिशन, छपाई, सरकारचा वाटा. उरेल त्यातून बक्षिसं. सगळी तिकिटं घेऊनही जो व्यवहार आतबट्ट्याचा, त्यातली पाचशे घेऊन तो गुंतवणूक कसा ठरेल?

घाऊक तिकिटं घेऊन सोडत जिंकल्याचं आयर्लंडचं उदाहरण तू ताईला दिलंस, ते खरं आहे. पण नीट पाहा. 1992 मध्ये तिथे 36 पैकी 6 आकडे निवडायचे असत. एकूण संच 19,47,792, प्रत्येकी 50 पेन्स. म्हणजे सगळे संच दहा लाख पौंडांच्या आत. आणि कुणालाच न लागलेलं बक्षीस साठत साठत 17 लाख पौंडांवर गेलेलं. सगळे संच विकत घ्यायला निघालेल्या स्टीफन क्लिन्सेविच यांच्या गटानं महिनोन्‌महिने आधीपासून चिठ्ठ्या हातानं भरून ठेवल्या. तरी लॉटरीवाल्यांना सुगावा लागला, त्यांनी विक्री रोखायचा प्रयत्न केला आणि गटाला सुमारे 80 टक्केच संच घेता आले. विजयी संच त्यांच्याकडे होता, पण आणखी दोघांकडेही निघाला; बक्षिसाचे तीन वाटे झाले. चार आकडे जुळले तर 100 पौंड, अशी त्या वेळी खास योजना होती आणि तसे संच 6,525 होतात, म्हणून गट नफ्यात राहिला. पुढे लॉटरीनं आकडे 39 केले, संच 32,62,623 झाले आणि ती वाट बिकट झाली.

तो नफा आधी हरलेल्यांच्या साठलेल्या पैशांतून आणि त्या खास योजनेतून आला. तुमच्या छापील तिकिटांत तसं साठत नाही. मुदतीत न मागितलेलं बक्षीस कायद्यानं सरकारजमा होतं.

कराचंही ऐक. बक्षिसावर 30 टक्के कर आणि वर उपकर. तिकिटांचा खर्च वजा होत नाही. पन्नास हजार घालून पन्नास हजारच जिंकलात, तरी 15,600 रुपये पदरचे गेले.

हौस असेल तर प्रत्येकी एक तिकीट घ्या. एकत्र घेणार असाल तर कुणाचा किती वाटा, तिकिटं कुणाकडे, दावा कोण करणार, हे सोडतीआधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तिकिटांचे फोटो प्रत्येकाकडे ठेवा. पैशावरून तुटलेली मैत्री पुन्हा जुळायला फार जड जाते.

पाच हजार तुझ्या कष्टाचे आहेत, निर्णयही तुझाच. मात्र हा हिशेब मित्रांपुढे मांडल्याशिवाय कुणाकडून एक रुपयाही गोळा करू नकोस.

तुझी,
मावशी