टॅलीसाठी घरी कोणता कॉम्प्युटर घ्यावा?

प्रश्न : मी घरूनच दोन-तीन दुकानांचे हिशेब टॅलीवर लिहिते. मुलगा बी.कॉम.ला आहे. घरात एकच कॉम्प्युटर घेणे परवडेल. दुकानदार स्वस्तातले क्रोमबुक सुचवतो, भाऊ म्हणतो मॅकबुकच घे. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, निर्णय टॅलीनेच करून टाकला आहे. ती विंडोजसाठी बनलेली आहे. क्रोमबुकवर किंवा मॅकवर चालवायची तर द्राविडी प्राणायाम करावा लागतो. मॅकबुक उत्तम यंत्र आहे, बॅटरीही भरपूर टिकते. पण भावाचे काम वेगळे, तुमचे वेगळे.

आता डेस्कटॉप की लॅपटॉप? मुलाला तो रोज कॉलेजात न्यायचा नसेल, तर मी डेस्कटॉपच घेईन. मोठा स्क्रीन, उजवीकडे अंकांच्या वेगळ्या कळा असलेला कीबोर्ड (दिवसभर आकडे भरणाऱ्याला याची किंमत कळते!) आणि पुढे रॅम वाढवायची सोय. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती वाढवता येत नाही. वीज गेली तर लॅपटॉप बरा, हे खरे. पण छोटा यूपीएस घेतलात, तर नोंदी सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो.

रॅम ८ जीबी चालेल, १६ असेल तर उत्तम. एसएसडी मात्र हवीच. जुना कॉम्प्युटर घेणार असाल, तर इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर टाळा. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि तसल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ सहसा अधिकृतपणे चालत नाही.