पत्त्यांचे डाव आणि पक्षपाताची तक्रार

गेल्या सत्रांत एके दिवशीं मधल्या सुटींत वडाच्या पारावर मोठा गलका झाला. बोर्डिंगांतील मुलें व गांवांतून येणारीं मुलें यांच्यामध्यें चित्रांच्या पत्त्यांचा सामना ठरला होता. नियम बोर्डिंगच्या मुलांनीं लिहून काढले होते. सामन्याच्या आदल्या दिवशीं गांवांतल्या एका मुलानें मुंबईच्या मामांनीं पाठविलेले नवे पत्ते आणले. "हे चालणार नाहींत," असें प्रतिपक्षानें सांगितलें. "नियमहि तुमचे आणि पंचहि तुमचेच!" असें म्हणून गांवचीं मुलें उठून गेलीं. आम्हांस मध्यस्थी करणें प्राप्त झालें, आणि मध्यस्थी करावयाची तर खेळ समजून घेणें भाग पडलें. पत्ते म्हटले कीं पुष्कळ पालकांच्या कपाळास आठी पडते. आमच्याहि पडली होती. परंतु चौकशी करतां असें दिसून आलें कीं, पारावरची ही तक्रार जगांतील मोठमोठ्या सामन्यांतून गेलीं कित्येक वर्षें ऐकूं येत आहे, आणि तिची नीट उकल केल्यास विद्यार्थ्यांस शिकण्याजोगें तींत बरेंच आहे.

आपल्या घरच्या बावन्न पत्त्यांच्या कॅटांत पक्षपातास जागा नाहीं. एकच कॅट पिसून सर्वांस वाटतात. वाईट पत्ते आले तर नशिबास बोल लावून मनुष्य मोकळा होतो. या नव्या खेळाची गोष्ट निराळी. यांत प्रत्येक खेळाडू स्वतः निवडून जुळविलेला डेक घरूनच घेऊन येतो. हा प्रकार अमेरिकेंत १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड नांवाच्या गणितज्ञानें रचलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळापासून रूढ झाला. जपानांत 'पोकेमॉन'चे पत्ते १९९६ सालीं निघाले, आणि 'यु-गि-ओ'चे पत्ते कोनामी कंपनीनें १९९९ सालीं विक्रीस आणले. हे पत्ते बंद पाकिटांतून विकतात व आंत काय निघेल हें आधीं कळत नाहीं. (या एका बाबतींत पालकांची कुरकुर आम्हांस अगदीं रास्त वाटते.) तेव्हां खेळाडूचें बळ त्याच्या बुद्धीवर अवलंबून असतें हें खरें, पण त्याच्या देशांत कोणते पत्ते, कधीं आणि किती आले, यावरहि तें पुष्कळ अवलंबून असतें. मुलुखामुलुखांतील हेव्याचें बीज येथेंच पडतें.

'यु-गि-ओ'चेंच उदाहरण घेऊं. काझुकी ताकाहाशी यांच्या चित्रकथेवरून निघालेला हा खेळ २००२ सालीं अमेरिकेंत गेला, आणि तेव्हांपासून त्याचीं जणूं दोन राज्यें झालीं: एक जपान व त्याच्या शेजारचे आशियाई देश यांचें, दुसरें अमेरिका, यूरोप इत्यादि मुलुखांचें. मुख्य डेकांत ४० ते ६० पत्ते असतात. एका नांवाचे तीनांपेक्षां अधिक ठेवतां येत नाहींत. जे पत्ते फार प्रबळ ठरतात त्यांची एक यादी निघते. त्यांतील कांहीं अजिबात निषिद्ध, कांहीं एकच तर कांहीं दोनच ठेवावयाचे. सप्टेंबर २०१३ पासून या दोन राज्यांच्या याद्या स्वतंत्र झाल्या. म्हणजे तोक्योमध्यें जो पत्ता खुशाल खेळतां येतो तो न्यूयॉर्कमध्यें निषिद्ध असूं शकतो, किंवा उलट. शिवाय नवे संच बहुधा जपानांत आधीं निघतात आणि पश्चिमेस कांहीं महिन्यांनीं पोहोंचतात. जपानांत सहज मिळणारा पत्ता पश्चिमेंत दुर्मिळ छपाईंत निघाला व त्याची किंमत भडकली, असेंहि अनेकदां झालें. यावरून पश्चिमेकडील खेळाडू म्हणतो, आम्ही सावत्र लेंकरें. परंतु कांहीं पत्ते प्रथम पश्चिमेंतच निघतात आणि जपानांत मागाहून जातात. त्या वेळीं सावत्रपणाची पाळी जपानी खेळाडूवर येते.

जागतिक अजिंक्यपदासाठीं दोन्ही राज्यांचे खेळाडू एकत्र येतात, तेव्हां तोड अशी काढलेली आहे कीं, दोन्ही याद्यांपैकीं जो निर्बंध अधिक कडक तो सर्वांस लागू. वरवर पाहतां याहून न्याय्य तें काय असणार? पण वर्षभर ज्या डेकावर हात बसविला त्याचा कणाच दुसऱ्या राज्याच्या यादीनें काढून घेतला, तर त्या खेळाडूस थोड्या आठवड्यांत नव्यानें शिकावें लागतें. शेजाऱ्याचा डेक मात्र जसाच्या तसा राहतो. नियम एकच, पण त्याचा भार सारखा नाहीं. आमच्या मतें पक्षपाताच्या बहुतेक आरोपांचें मर्म हेंच आहे.

योसेफाच्या झग्याची कथा शास्त्राच्या तासास सर्वांनीं ऐकली आहे. याकोबानें एकाच मुलास तो झगा दिला. तेथें पक्षपात बापाच्या अंतःकरणांत होता व भावांच्या डोळ्यांस दिसतहि होता. येथें अंतःकरण कोणाचें शोधावयाचें? एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत पत्ते आणावयास वेळ लागतो, छपाई निराळी, विक्रीचे हंगाम निराळे. कोणाचा द्वेष नसतांहि एकजण मागें पडतो. मात्र एवढ्यावरून संशय घेणाऱ्यांस वेडे ठरवूं नये. पत्ते छापविणारी, ते विकणारी आणि त्यांतील कोणता निषिद्ध हें ठरविणारी कंपनी एकच आहे. दुकानदारच तराजू तपासणारा असला, तर माप खरें असूनहि गिऱ्हाईक दोनदां पाहतें. जो पत्ता भरपूर खपून गेला तोच पुढें निषिद्ध होतो, हा खेळाडूंचा आक्षेप जुना आहे, आणि तो समूळ खोडून काढण्याचें साधन बाहेरच्या माणसाच्या हातीं नाहीं.

पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेंत वेगळाच प्रश्न उभा राहिला. खेळ जपानी, पण २००४ पासून २०१९ पर्यंत ही स्पर्धा दरवर्षीं अमेरिकेंत वा कॅनडांतच भरली. २०२२ सालीं ती प्रथम बाहेर, लंडनला गेली, आणि जपानांत, योकोहामा येथें, २०२३ सालीं. इतकीं वर्षें दुरून येणाऱ्यांस किती वाटखर्च पडला असेल! शिवाय प्रवेशासाठीं लागणारे गुण सर्व विभागांस सारखे ठेवलेले नसत. कारण उघड आहे: जेथें सामने पुष्कळ, तेथें गुण मिळविण्याच्या संधीहि पुष्कळ. पण ज्यास थोडक्या गुणांसाठीं घरीं बसावें लागलें, आणि तितक्याच गुणांवर दुसऱ्या विभागांतला कोणी गेलेला ज्यानें पाहिला, त्याच्या गळीं हें कारण कसें उतरावें? आंकडा सारखा ठेवला तर लहान मुलुखांवर अन्याय, निराळा ठेवला तर मोठ्यांची कुरकुर. येथें पूर्ण न्यायाचा मार्ग आम्हांस तरी सांपडला नाहीं.

उलट बाजूचाहि एक पुरावा पाहण्याजोगा आहे. मॅजिक हा अमेरिकन खेळ, कंपनीहि अमेरिकन, आणि १९९५, १९९६ व १९९७ या तीन सालांच्या जागतिक स्पर्धा सिॲटल येथें, कंपनीच्या दाराशींच म्हणा ना, झाल्या. तरी त्या तीन वर्षांचे विजेते अनुक्रमें स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया व चेक प्रजासत्ताक येथले. यजमानांनीं पाहुण्यांस पाडण्याचा कट केला होता असें म्हणणाऱ्यास हें उत्तर पुरेसें आहे. हें आम्हीं नववीच्या वर्गांत सांगितलें, तेव्हां एका मुलानें विचारलें, "सर, जे सिॲटलपर्यंत पोहोंचलेच नाहींत त्यांचें काय?" प्रश्न मार्मिक होता. विजेत्यांची यादी मेजावरच्या न्यायाविषयीं सांगते. दारावरच्या न्यायाविषयीं ती मुकी असते.

आतां पाराकडे येऊं. आम्हीं दोन्ही पक्षांस कागद देऊन सांगितलें कीं, नियम कोणीं केला, तो केव्हां कळविला आणि करणाऱ्यास त्यापासून काय लाभ, एवढेंच लिहा; 'लबाड' हा शब्द मात्र कोठेंहि नको. बोर्डिंगच्या कागदावरून एक गोष्ट बाहेर आली, ती आम्हांसहि सुचली नव्हती. सत्र चालू असतां त्यांस बाजारांत जातां येत नाहीं. घरून पत्रें येतात, पत्ते येत नाहींत. म्हणून नवे पत्ते वगळण्याचा नियम त्यांनीं केला होता. गांवच्या मुलांनीं लिहिलें होतें कीं, नियम झाला याचें दुःख नाहीं. तो आदल्या दिवशीं कळला याचें आहे. दोघेहि स्वतःस सावत्र समजत होते.

शेवटीं दोन्हीकडच्या मुलांनीं एकत्र बसून यादी नव्यानें केली, सामन्याच्या चार दिवस आधीं ती सूचनाफलकावर लावली, आणि पंच म्हणून एकेक मुलगा दिला. सामना शनिवारीं झाला. मामांचे नवे पत्ते त्या मुलानें तेवढ्यापुरते आमच्या मेजाच्या खणांत ठेविले होते. खेळ संपल्यावर बोर्डिंगचीं मुलें "ते एकदां पाहूं द्या" म्हणून आलीं, आणि प्रार्थनेची घंटा झाली तरी त्या मेजाभोंवतालचें कोणी जागचें हाललें नाहीं.