स्विफ्टची उंची कमी करावी का?

प्रश्न : माझ्या स्विफ्टला उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा घरीच बसवता येतील का? – एक वाचक, लांजा

उत्तर : पुढच्या स्प्रिंगा घरी सोडू नका. स्ट्रटवरची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळून धरल्याशिवाय वरचा मधला नट काढलात, तर ती उसळून जीवावर बेतेल. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली तर शिरूच नका.

स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स मुळात १६३ मिलिमीटर. त्यातले तीस गेले, तर महामार्ग सोडून वाडीच्या रस्त्याला वळताच तळ घासेल. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून केलेले बदल त्यात बसत नाहीत आणि विम्याचा दावाही अडू शकतो.

वळणावर गाडी झुलते हीच तक्रार असेल, तर आधी शॉकॲब्सॉर्बर, बुश आणि टायरमधली हवा तपासून घ्या.