सही करण्याआधी

अगं, तुझ्या अद्भुत कादंबरीतल्या राजघराण्याची वंशावळ तयार आहे, नकाशा काढून झालाय, नद्यांनासुद्धा नावं आहेत. कथा मात्र चौथ्या प्रकरणातच अडलीय. मग इतक्यात प्रकाशकांची यादी कशाला करतेस? नव्या लेखकाची अर्धी कादंबरी बघून सहसा कुणी होकार देत नाही. आधी शेवटाला ने. आणि मालिका तीन भागांची मनात असली तरी पहिला भाग एकटा वाचला तरी समाधान वाटेल, असा लिही. दुसरा निघेल की नाही ते पहिल्यावरच ठरतं.

‘मराठीत अद्भुत वाचतंय कोण?’ असं ऐकून खचू नकोस. आपली कादंबरी सुरुवातीला अद्भुतावरच तर पोसली. हळबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. पुढे नाथमाधवांचा ‘वीरधवल’ लोकांनी किती आवडीने वाचला! वाचक आहे गं. त्याच्यापर्यंत जायची जुनी, भरवशाची वाट म्हणजे दिवाळी अंक. तुझ्याच जगातली एखादी सुटी कथा लिही, ‘नवल’ किंवा ‘धनंजय’कडे पाठव, मात्र पावसाळा सुरू व्हायच्या आत. गणपतीत पाठवशील तर बहुधा उशीर झालेला असेल. कथा छापून आल्या की संपादकाला तुझं नाव परकं वाटत नाही.

इंग्रजीसारखा एजंट मराठीत सहसा मध्ये नसतो. लिहायचं थेट संपादकांना. छोटं पत्र, शेवटासकट सारांश, सुरुवातीची प्रकरणं. शेवट लपवू नकोस, त्यांना तो कळायलाच हवा. मग थांबायचं, आणि ते थांबणं महिनोन्‌महिने चालतं. ‘साभार परत’ आलं तर रडून घे, पण संहिता कपाटात टाकू नकोस.

‘एवढे पैसे भरा, पुस्तक काढतो’ म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नकोस. स्वखर्चाने छापण्यात कमीपणा नाही, पण तुला हवंय ते हे नाही. तुला तुझं लेखन निवडणारा, त्यावर स्वतःचे पैसे लावणारा प्रकाशक हवाय.

तो भेटला की आनंदाच्या भरात कुठेही सही करशील, याचीच मला खरी काळजी आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे ते लेखीच: कोणते, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशापुरते, रॉयल्टी किती. मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षांची धरतात. पण ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं छापलेलं असेल तर तुझ्या राज्यातली माणसंही तुझी राहणार नाहीत. अनुवाद, ऑडिओबुक, वेबसिरीज, पुढचे भाग, हे सगळं वेगवेगळं बोलून घे. संकोच करू नकोस. चांगला प्रकाशक अशा प्रश्नांनी रागावत नाही.

करारपत्र आलं की आधी मला पाठव. आपण दोघी ओळ न् ओळ वाचू, सही त्यानंतर.