श्रावणात भामरागड गाठणारा कारकून

प्रकाशकांना दिवाळीपर्यंत पुस्तक हवं होतं, म्हणजे कच्चा खर्डा पावसाळ्याआधी पुरा व्हायला हवा होता. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी लिहायला बसले. कथानक १९८० सालचं: आलापल्लीला वनखात्यात असलेला एक कारकून, भामरागडकडे दिलेली त्याची बहीण आणि तेंदूच्या हंगामातला एक तंटा. ठरलेली पानं झाल्याशिवाय उठायचं नाही हा नेम पाळला, खर्डा वेळेत झाला. पुस्तक मात्र त्या दिवाळीला निघालं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत आज बरीच तरुण मंडळी लिहू लागली आहेत. स्पर्धांच्या आणि प्रकाशकांच्या तारखा त्यांच्याही मागे लागलेल्या असतात, म्हणून हे सविस्तर सांगते.

झरझर लिहिण्यात वावगं काहीच नाही. भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ साली ‘कोसला’ दोन-तीन आठवड्यांत लिहून काढली. डोस्टोव्हस्कीने १८६६च्या ऑक्टोबरात ‘द गॅम्बलर’ एका तरुण लघुलेखिकेला तोंडी सांगून महिन्याच्या आत संपवली, कारण १ नोव्हेंबरची मुदत हुकली असती तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. पण जुगाराच्या टेबलावर डोस्टोव्हस्की स्वतः कफल्लक झालेला होता आणि नेमाडे खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचं आयुष्य जगून आले होते. त्यांना आठवायचं होतं, शोधायचं नव्हतं.

माझं तसं नव्हतं. मी आरमोरीकडची, आलापल्लीच्या पुढचा मुलूख मला पाहुणी म्हणून ठाऊक. माझा कारकून ऐन श्रावणात सकाळच्या एसटीत बसला आणि संध्याकाळी बहिणीच्या अंगणात उतरला. पुढच्या प्रकरणात मला बहीण-भावाचं भांडण हवं होतं, म्हणून त्याला लवकर पोचवणं भाग होतं. त्या काळी पावसाळ्यात हा भाग महिनोन्‌महिने तुटलेला असे. भामरागडजवळच्या हेमलकशाला १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथल्या सुरुवातीच्या वर्षांच्या आठवणी नुसत्या चाळल्या तरी हे कळतं. नंतर पर्लकोटा नदीवर पूल झाला, तरी ती फुगली की भामरागडचा रस्ता कित्येकदा बंद पडलेला आहे.

चूक दुरुस्त करायला बसल्यावर खरी गोष्ट ध्यानात आली. कारकून एखाद्या नाल्याकाठच्या परक्या गावात अडकला असता. तिथली माडिया बोली त्याला कळली नसती, कुणाच्या तरी पडवीत पाणी ओसरायची वाट बघत बसावं लागलं असतं आणि बहिणीला काय बोलायचं ते त्याने दहादा मनात घोळवलं असतं. कादंबरी तिथे होती. तारखेच्या धाकाने लिहिताना आपण पात्रांच्या वाटेतले अडथळे आधी काढून टाकतो. या जंगलात तर माणसाचं अर्धं आयुष्य त्या अडथळ्यांशीच बांधलेलं आहे.

अर्जाचंही तेच झालं. तंट्यानंतर कारकून अर्ज घेऊन गडचिरोलीच्या कलेक्टर कचेरीत गेला, असं मी लिहिलं होतं. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. त्याआधी कलेक्टर चंद्रपूरला. म्हणजे लांबचा प्रवास, मुक्काम, बुडालेले दिवस. गरीब माणसाने अर्जच दिला नसता, असंही झालं असतं.

तेंदूचं प्रकरण मी गावातल्या एका काकूंना वाचून दाखवलं. त्यांची हयात पानं तोडण्यात गेलेली. माझ्या बायका भर दुपारी रानात झाडाखाली बसून पुडे बांधत होत्या. काकूंनी मला थांबवलं. “बाई, पुडे रानात कोन बांधते?” पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत पानांची गाठोडी घेऊन घरी यायचं आणि मग सारं घर पुडे बांधायला बसतं. सत्तर पानांचा एक पुडा. पोरं पानं मोजून देतात, म्हातारी माणसं सालीच्या दोरीने बांधतात. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे पानं घेण्याच्या केंद्रावर न्यायचे. मुन्शी ते तिथे मोजून घेतो, पान बारीक आहे, फाटकं आहे म्हणून बाजूला काढतो. तंटा पेटला तर तो फळीवर, सांजवेळी. माझं अख्खं प्रकरण चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी उभं होतं, आणि हे सांगायला काकूंना दोन मिनिटं लागली.

आपल्या झाडीपट्टीत तारखेवर लिहिणं नवं नाही. दिवाळी ते होळी हा नाटकांचा हंगाम. वडशाच्या कंपन्यांना त्याआधी नवी नाटकं हवी असतात आणि लेखक ती देतात. पण तिथे लिहिलेलं वाक्य तालमीत नटाच्या तोंडी येतं, अडखळलं की तिथल्या तिथे बदलतं. कादंबरी लिहिणारा एकटा असतो. म्हणून खर्डा पुरा व्हायची वाट न बघता दर दोन-तीन प्रकरणांनी जाणत्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, आणि गावागणिक माणूस बदला. सिरोंच्याच्या बोलण्यात तेलुगू असते, भामरागडला माडिया, ब्रह्मपुरीकडे झाडीबोली. घाईत माझी सगळी पात्रं आरमोरीचीच होऊन बसली होती.

लिहिण्याचा वेग मोडवत नसेल तर जे ठाऊक नाही तिथे अंदाज ठोकू नका. ओळ मोकळी सोडा, कडेला ‘नाला, विचारायचं’ एवढं लिहा आणि पुढे जा. मोकळी जागा नंतर भरता येते. अंदाजावर पुढची चार प्रकरणं रचली की ती उपसून काढावी लागतात. पहिलं पान लिहायच्या आधी कथानकातल्या प्रत्येक महिन्यापुढे नदी-नाले, शेती, मोह आणि तेंदू काय करत असतात ते मांडून ठेवा. प्रकाशकाशी बोलताना कच्च्या खर्ड्याची तारीख कबूल करू नका. खर्डा तपासून, माणसांना ऐकवून झाल्यावरची तारीख मागा. ती मिळत नसेल तर पुढच्या दिवाळीचं बोला.

आणि तेंदूबद्दल विचारायला मे महिन्यात कुणाच्या दारी जाऊ नका. तेव्हा त्या घरात पुडे बांधायला हात कमी पडत असतात. धानाची कापणी-मळणी उरकल्यावर जा.