मोटारसायकलींवरून लेह : मार्ग कोणता धरावा?

प्रश्न : आम्ही पाच मित्र जुलैमध्ये पुण्याहून मोटारसायकलींवरून लेहला जाणार आहोत. मनालीमार्गे जावे की श्रीनगरमार्गे?

उत्तर : जाताना श्रीनगर-कारगिल हाच मार्ग पत्करावा, असा माझा आग्रह आहे, कारण श्रीनगर सुमारे १,६००, कारगिल २,७०० आणि लेह ३,५०० मीटर उंचीवर असल्याने, मुक्कामागणिक क्रमाने वर चढणाऱ्या शरीरास विरळ हवेशी जुळवून घेण्यास जो अवधी लाभतो, तो सरचूसारख्या ४,२०० मीटरांहून उंच स्थळी रात्र काढावयास लावणाऱ्या मनालीमार्गावर सहसा लाभत नाही. परतताना मात्र मनालीमार्ग खुशाल धरावा.

लेहला पोहोचताच दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. आणि पुढे खर्दुंग ला ही खिंड चढताना कोणास तीव्र डोकेदुखी वा वांती झाली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मित्रांची भीड न धरता त्यास तत्काळ खाली उतरवावे, कारण अशा प्रसंगी उंची कमी करणे हाच प्रमुख उपचार होय.

वाहनपरवाना, नोंदणी व विम्याचे दस्तऐवज, जादा ट्यूब, क्लचची तार आणि पंक्चरचे साहित्य यांचा बंदोबस्त प्रस्थानापूर्वीच करावा. रोजची मजल सर्वांत सावकाश चालवणाऱ्या मित्राच्या आवाक्याने ठरवावी, आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा.