आठवड्याची गाणी आणि जिन्यातला ठेका

पुणे

चि. मुक्ता,

तुझी या आठवड्याची गाण्यांची यादी मिळाली. बारा गाणी, प्रत्येकापुढे एक बदाम, आणि सगळ्यात खाली, लपवल्यासारखी, एक ओळ: बिल्डिंगच्या जिन्यात टाळ्या वाजवल्या, वरच्या मजल्यावर मोबाइल ठेवून रेकॉर्ड केल्या, भारी घुमतं, पण काही खास नाही. मुक्ता, मला त्या अख्ख्या यादीत तीच ओळ खास वाटली. नाटकांच्या ध्वनियोजनेत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

यादीत लेड झेपलिनचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ आहे आणि पुढे तू लिहिलंस, ‘ड्रम्स जबरदस्त’. आहेतच. पण ते तसे का वाजतात, याचं उत्तर तुझ्या त्या शेवटच्या ओळीत आहे. १९७१ साली निघालेल्या त्यांच्या चौथ्या अल्बममधलं हे गाणं. हॅम्पशायरमध्ये हेडली ग्रेंज नावाचं तीन मजली दगडी घर आहे, १७९५ मध्ये गोरगरीब आणि निराधारांसाठी बांधलेलं. बँडने तिथे मुक्काम ठोकला होता. जॉन बोनमचे ड्रम खाली, जिन्याच्या तळाशी मांडले आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने दोन माइक वर जिन्यावरून टांगले. ड्रमला चिकटून माइक लावला की कातड्यावरचा घाव ऐकू येतो. इथे माइक लांब होते, त्यामुळे घाव, भिंती, पायऱ्या, छत असं सगळं एकदम आत आलं. मग तो आवाज थोडा दाबून एका प्रतिध्वनियंत्रातून काढला, एवढंच. तुला यातलं काहीही ठाऊक नसताना तू तुझ्या जिन्यात तेच करून पाहिलंस आणि वर ‘काही खास नाही’ म्हणालीस!

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की ‘गाणी’ आणि ‘मला सापडलेलं काहीबाही’ असे दोन कप्पे करू नकोस. रॉकमध्ये ते वेगळे नाहीतच. गाणं पाठवताना त्यातली नेमकी जागा लिही: कितव्या मिनिटाला तुझे कान टवकारले, कोणता आवाज आला, कोणता थांबला. आणि त्या जागेने तुझ्या हाताला काय करायला लावलं तेही. ‘जबरदस्त’ हा शब्द वाचून मला फक्त तुझा आनंद कळतो. नेमकी जागा कळली तर मी तेच गाणं तुझ्या कानाने ऐकू शकतो.

याच गाण्याबद्दल आणखी एक. ते मूळचं झेपलिनचं नाही. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले, लाखो माणसं बेघर झाली. त्यावर मेम्फिस मिनी आणि कान्सस जो मॅकॉय या कृष्णवर्णीय जोडप्याने १९२९ मध्ये हे गाणं रेकॉर्ड केलं. झेपलिनच्या अल्बमवर श्रेयात मेम्फिस मिनीचं नाव आहे. तू मूळ गाणं शोधून ऐक. त्यात ड्रम नाहीत, दोन गिटार आणि एक आवाज. आणि मग लिही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गल्ल्यांमधून चढताना तू पाहिलंस, आजीला घेऊन वरच्या मजल्यावर बसून राहिलीस. बांध फुटण्याचं गाणं तुला जसं ऐकू येईल तसं ते पुण्यात बसलेल्या मला येणार नाही. ते तू सांगायला हवंस, दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

क्वीन या बँडचं ‘वी विल रॉक यू’ मात्र तू यादीतून काढलंस, कारण ‘ते काय, सगळ्यांना माहीत आहे’. हे मला अजिबात पटलेलं नाही. आवडलं असेल तर ठेव. प्रसिद्ध गाणं लपवून अनोळखी नाव पुढे करण्याची सवय लवकर लागते, आणि मग माणूस ऐकायचं सोडून निवड दाखवायला लागतो. त्या गाण्यात ऐकण्यासारखं किती आहे बघ. १९७७ चं रेकॉर्डिंग, आणि त्यात ड्रमसेट नाही. बँडने स्टुडिओतल्या लाकडी फळ्यांवर पाय आपटले, टाळ्या वाजवल्या आणि तेच पुन्हा पुन्हा एकावर एक रेकॉर्ड केलं. ब्रायन मे हा गिटारवादक भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याने प्रत्येक थराला वेगवेगळा उशीर दिला, आणि ते उशीर मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले, म्हणजे ते एकमेकांवर नियमाने पडत नाहीत. नियमाने पडले असते तर प्रतिध्वनी झाला असता. इथे गर्दी ऐकू येते. गिटार शेवटापर्यंत येतच नाही, आणि आली की काय येते! ती गिटार त्याने मुलगा असताना वडिलांबरोबर घरी बनवलेली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. ती तो सहा पेन्सच्या नाण्याने छेडतो. (आणि या बँडचा गायक, फ्रेडी मर्क्युरी, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, शाळेतल्या ‘द हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. पुढच्या वेळी पाचगणीला गेलीस की स्ट्रॉबेरी खाताना आठवण ठेव.)

तू लिहितेस की चांगला माइक आला की मग नीट काहीतरी करून पाठवीन. तोवर थांबू नकोस. कच्चं पाठव. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सनी ‘सॅटिस्फॅक्शन’ रेकॉर्ड केलं तेव्हा कीथ रिचर्ड्सने तो खरखरीत गिटारचा तुकडा फझ पेडलवर फक्त खूण म्हणून वाजवला होता. तिथे पुढे पितळी वाद्यं यायची, असं त्याच्या मनात होतं. बाकीच्यांना तो कच्चा तुकडाच पक्का वाटला आणि गाणं तसंच बाहेर पडलं. ते पितळी वाद्यांची वाट पाहत कपाटात राहिलं असतं तर? आपल्या कामातलं पक्कं काय, हे पुष्कळदा ऐकणाऱ्याला आधी कळतं. त्यासाठी ते त्याच्यापर्यंत पोहोचायला हवं.

पोहोचवण्याचंच म्हणशील तर रेमो फर्नांडिसकडे बघ. १९८४ मध्ये त्याने ‘गोवन क्रेझी’ गोव्यात शिवोलीच्या आपल्या घरी चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर केला. वाद्यं त्याचीच, आवाज त्याचाच. आणि कॅसेटी स्कूटरवर घालून तो स्वतः दुकानोदुकानी देत फिरला. गोव्यातल्या माणसांविषयीची गाणी गोव्यातल्या माणसांच्या हातात. तू एका बटणाने बारा गाणी चाळीस जणांना पाठवतेस. त्यातले किती जण ऐकतात? बारा नको, तीन पाठव. आणि प्रत्येक गाणं कोणासाठी आहे ते ठरवून पाठव. समीरदादाला जे पाठवशील ते मला पाठवू नकोस. ‘हे गाणं ऐकताना तुझी आठवण आली, कारण अमुक’ असं वाचलं की माणूस हातातलं काम टाकून ऐकतो.

आता पिंक फ्लॉइडचं ‘मनी’, तुझ्या यादीतलं अगदी पहिलं. १९७३. सुरुवातीला नाण्यांचा, गल्ल्याचा, कागद फाटण्याचा आवाज एका तालात फिरत राहतो. त्यांनी ते आवाज टेपवर घेतले, टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापले, चिकटवून त्यांचं वर्तुळ केलं. पट्टीने मोजलेला ताल! गाणं सात मात्रांत चालतं. सॅक्सोफोनसुद्धा सातातच वाजतो, मग गिटारची पाळी आली की चार मात्रा सुरू होतात आणि एकदम रस्ता मोकळा झाल्यासारखं वाटतं. नंतर पुन्हा सात. आधी हातावर मोज, मग तुझ्या फोनमधल्या आवाजांचं एक वर्तुळ करून बघ: कुकरची शिट्टी, कुलपाची किल्ली, एसटी स्टँडवरची घोषणा, जे मिळेल ते.

मला यात रूपक ताल दिसतो, तीन-दोन-दोन, पण वजन रूपकासारखं पडत नाही असं वाटत राहतं, आणि माझं तबल्याचं ज्ञान तिथे संपतं. तुमच्या खालच्या मजल्यावरचे काका भजनी मंडळात तबला वाजवतात ना? या आठवड्यातलं एक गाणं त्यांच्यासाठी ठेव. ‘मनी’ त्यांना ऐकव, आधी काहीही न सांगता, आणि त्यांचा हात मांडीवर कुठे पडतो ते बघ. त्यांनी सम कुठे धरली ते रविवारी मला कळव. त्यांनी बदल्यात एखादं भजन ऐकवलं तर तेही तुझ्या तिनात घाल.

ताईला आणि आजीला नमस्कार सांग.

तुझा,
मामा